भट्टीत पिकवलेली तबकडी

लालबाग, बऱ्हाणपूर
वैशाख वद्य पंचमी, शके १८७९

आमचे एकुलते एक, आणि म्हणूनच जपून वापरावे लागणारे दाजी सुधाकरराव यांना वसंताचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या कामातून गेली आहेत. कारण पुढे येईल.) शोभाताईची पाठ, तुमचा दमा आणि बाळाचे दात कसे आहेत? इकडे आईचे दात सोडून सगळं ठीक. सरकारने सीमा नव्याने आखल्या, तुम्ही भुसावळकर मुंबई राज्यातच राहिलात, आम्हाला नवा मध्यप्रदेश मिळाला. तरी तुमचं पत्र सीमेवरचं इच्छापूर ओलांडून यायला पूर्वीइतकाच महिना लागतो. म्हणजे तुम्ही मुळातच आळशी, राज्यांचा त्यात काही दोष नाही.

आता आमच्या नव्या तबकडीचं काय झालं ते ऐका. (पहिल्या तबकडीबद्दल बोलायचं नाही असं घरात ठरलं आहे.) आमची बँडपार्टी तुम्हाला ठाऊकच आहे. मी क्लॅरिनेट, लोटू ढोल, कडू डफ, आणि गायला चांदनी गावचा केळीवाला कौतिक. गाणी गावरान, बाजा इंग्रजी. बाबांना हा प्रकार पहिल्यापासून नापसंत. त्यांनी फाल्गुनातच बजावलं होतं, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत, गावच्या दोन्ही साप्ताहिकांत चांगलं छापून आलं तर वाजव, नाहीतर क्लॅरिनेट माळ्यावर आणि तू केळीच्या वखारीत, माझ्या शेजारी गादीवर. दाजी, मी त्या गादीवर दोन दिवस बसून पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी मला केळी बोलताना ऐकू यायला लागली होती.

मुंबईहून पन्नास तबकड्यांची पेटी आली. त्यातली एक मी तुम्हाला तिथल्या तिथे पाठवून दिली. बाकीच्या साप्ताहिकवाल्यांकडे न्यायला निघालो, तर कौतिक आडवा आला. म्हणे, "वसंतभाऊ, दुरून आलेला माल असा लगेच नाई काढत. तीन दिस भट्टीत बसू दे, मंग पाह्य कसा रंग धरतो." आता मी शिकलेला माणूस, मॅट्रिकला दोनदा बसलेलो. पण दाजी, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात हिरवं आलेलं काहीही केळी पिकवायच्या भट्टीत गेल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. मला ते पटलं! भट्टीची किल्ली बाबांच्या कमरेला असते. दुपारी ते घोरत पडले होते, तेव्हा मी श्वास रोखून ती सोडवली. आम्ही तबकड्या केळीच्या पानांत गुंडाळल्या, वर आठ घड ठेवले, धुरी दिली आणि देवाला नारळ बोललो.

चौथ्या दिवशी उघडून बघतो तर काय, एकूणएक तबकडीचा पापड! कडा वर, पोट खाली, आणि वास असा की लोटूने एक चाटून पाहिली. (तो म्हणतो, अजून एक दिवस हवा होता.) सुई लावली तर ती होडीसारखी वर-खाली जायची आणि कौतिकचा आवाज तिच्याबरोबर. वरमाईच्या रुसव्याचं साधं गाणं, पण वरमाई विहिरीत उतरून रुसते आहे की काय असं वाटायचं. मी तर भिंतीला डोकं टेकून चक्क रडलो. पण आखाजी आठ दिवसांवर आलेली. नाइलाजाने त्याच तबकड्या दोन्हीकडे देऊन आलो.

आणि दाजी, छापून काय आलं! मराठी साप्ताहिकाने लिहिलं, की सीमेवर एकट्या पडलेल्या मराठी मनाचा हुंदका या हेलकाव्यात ऐकू येतो. हिंदीवाल्याने लिहिलं, 'इस स्वर में नये प्रांत की आत्मा है, कभी ऊपर, कभी नीचे, पर टूटता नहीं।' स्टेशनसमोरच्या हॉटेलात दिवसभर तीच तबकडी. बाबांनी दोन्ही कात्रणं वखारीत लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात. मी वाचलो, असं वाटलं.

पण कसलं काय! इच्छापूरला लग्नात कौतिक नेहमीसारखा सरळ गायला, तर वऱ्हाडी खवळले. म्हणाले हा डुप्लिकेट आहे, तबकडीतला असली माणूस आणा. तेव्हापासून आम्ही कौतिकला खाटेवर बसवतो आणि लोटू-कडू खाट वर-खाली करतात. (एका हळदीला त्याने खाटेवर बसण्याआधी जिलेबी खाल्ली होती. पहिल्या ओळीतली पाहुणी मंडळी ते विसरणार नाहीत.) क्लॅरिनेटही तसंच ऐकू यायला हवं, म्हणून मी वाजवता वाजवता उठाबशा काढतो. गुडघे ते असे गेले. बाकी सर्व क्षेम आहे. ताईला नमस्कार, बाळाला पापा.

तुमचा कलावंत मेहुणा,
वसंत

ता. क. : बाळाच्या जावळासाठी बाबा गुरुवारी तुमच्याकडे येत आहेत. तुमच्याकडे ग्रामोफोन आहे आणि जगातली एकमेव सरळ तबकडी आहे. ती त्यांनी ऐकली की सगळं उघडं पडेल आणि मी मेलो. तेव्हा हात जोडून विनंती, पत्र पोचताच तबकडी गच्चीवर पातेल्यावर उपडी ठेवून दुपारभर ऊन दाखवा. पापड झाला की उचला. ताईला सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. दुसरा, वेगळ्या हाताचा : चि. सुधाकररावांस सासरे गिरधर यांचा आशीर्वाद. हे पत्र टपालात टाकायला दिलं असता कडू वखारीच्या गादीवर विसरून गेला. चिकटवलेलं नव्हतं. त्या दुपारी मी झोपलो नव्हतो, नुसता घोरत होतो. तबकड्या बिघडणार हे कळत होतं. बिघडाव्यात म्हणूनच गप्प राहिलो, म्हणजे पोरगा गादीवर येईल. त्याला रडताना दाराआडून पाहिलं, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. वसंताला यातलं काही कळवू नका. तबकडीला ऊन दाखवू नका. गुरुवारी सगळे जेवून आडवे झाले की मला लावून द्या. पोराचं वाजवणं मला एकदा सरळ ऐकायचं आहे.