सात वाजेपर्यंत टिकणारा वास

३ ऑगस्ट, सोमवार

अडतीस डिग्री! आफ्रिकेकडचा गरम वारा सुटलाय. इटलीच्या या टोकाला, रेज्जो शहरभर माणसं सावली बघून भिंतीच्या कडेकडेनं चालतायत. आणि आमच्या लोरेदानाला लेकीचं लग्न काढायला हाच महिना मिळाला! बावीस तारखेला, शिल्ला गावात, समुद्रावरच्या उघड्या गच्चीत, भर दुपारी.

मागच्या एका लग्नात माझ्या या धाकट्या बहिणीनं सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं विचारलं होतं — "ताई, तू चालत आलीस का गं?" घामाचा वास येत होता म्हणे. सहा वर्षं झाली. विसरलेले नाही.

यंदा लिंबा-संत्र्यातलं असं काही लावून जाणार आहे, की केक कापेपर्यंत दरवळलं पाहिजे. तिनंच येऊन विचारावं, काय लावलंयस!

४ ऑगस्ट

त्रिपोदींच्या दुकानात गेले. देमेत्रिओ त्रिपोदी — साठीपुढचे, विधुर, तीन पिढ्यांचं अत्तराचं दुकान, भुवया झिजलेल्या ब्रशसारख्या. लग्नात पाहुण्यांना द्यायच्या कोलोनच्या एकशेवीस बाटल्या लोरेदानानं त्यांनाच सांगितल्यायत.

म्हटलं, "उन्हाळ्यात टिकेल असं लिंबूवर्गातलं काहीतरी द्या."

"बाई, दुसरं काहीही मागा. गुलाब मागा, चंदन मागा. लिंबू थांबत नाही हो कुणासाठी."

"पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. शेवटच्या तासाला पोरं बसवून ठेवलीयत. लिंबाची काय कथा!"

हसले. ठरलं असं — रोज सकाळी माझ्या मनगटावर एक नमुना लावायचा. संध्याकाळी सातला मी हात पुढे करायचा, ते हुंगून किती उरलंय ते सांगणार.

५ ऑगस्ट

आमच्याकडच्या बर्गामोट लिंबाचं तेल आणि संत्र्याची फुलं. सातला डोळे मिटून हुंगलं. "गेलं." मला तर येत होता बाई थोडा.

७ ऑगस्ट

संत्र्याची साल, खाली वाळा. संध्याकाळपर्यंत घमघमाट! बसमध्ये पुढची बाई दोनदा वळून बघते. आणि त्रिपोदी म्हणतात — "छे. काहीच नाही. उद्या या."

काहीच नाही?

८ ऑगस्ट

लोरेदानाला सांगितलं. ती गोड ब्रिओश पावात लिंबाचा बर्फगोळा भरून खात होती, हसता हसता निम्मं अंगावर सांडलं. "अगं बावळट, वास कुठे जातोय! म्हाताऱ्याला रोज तुझा हात हवाय. लट्टू झालाय!"

"काहीतरीच तुझं," म्हटलं.

घरी आले, हाताला क्रीम चोळलं. निळ्या झग्याला इस्त्री केली. अठ्ठावन्नाव्या वर्षी! शोभत नाही. केली तरी.

१० ऑगस्ट

निळा झगा. "गेलं," म्हणाले. पण हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. नक्की.

११ ऑगस्ट

आज खोडी काढली. म्हटलं, बघू हा लबाड किती खोटं बोलतो! साडेसहाला मनगट साबणानं घासून धुतलं आणि खारवलेल्या मासळीच्या बरणीतलं तेल चोळलं. कोपरापर्यंत. गल्लीतली दोन मांजरं दुकानापर्यंत सोबत आली.

त्रिपोदींनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"आज बरंय! बर्गामोट अजून आहे. कोवळं."

माझं हसू ओठांवरच राहिलं. घर येईपर्यंत काही उमजेना. जिन्यात उमजलं. त्यांना माझा हात-बित काही नको होता. त्यांना वासच येत नाही!

निळा झगा परत कपाटात. वर लोकरीचे कपडे.

१२ ऑगस्ट

रात्रभर चरफडले. सकाळी ते शटर उघडत होते तिथंच गाठलं. "काल मासळी होती," म्हटलं.

शटर अर्ध्यावरच राहिलं.

"दोन हिवाळे झाले," म्हणाले. "ताप आला. जाताना नाक घेऊन गेला." मुलगी तोरिनोला, तिलाही पत्ता नाही. बाटल्यांच्या जागा पाठ आहेत, मापं वडिलांच्या वहीत, बाकी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा. "तुमचाच वाचता येईना हो! रोज नवाच. मग 'गेलं' म्हणून मोकळा व्हायचो. लिंबू जातंच, त्यात चूक निघत नाही. काल तेवढ्या हसत आलात, म्हणून 'आहे' म्हटलं."

मग हळूच — "कुणाला सांगणार का?"

"बघू," म्हटलं. वाईट आहे मी. त्यांची ती उडालेली गाळण मला जराशी आवडली.

पण मग आठवलं — "लग्नाच्या बाटल्या कुणी हुंगल्या?"

त्यांनी आतून एक बाटली आणली. बूच काढलं आणि मी तीन पावलं मागे! रंगाऱ्याचा डबा! नुसतं टर्पेंटाइन! बर्गामोटचं तेल खिडकीशी उन्हात राहून उतरलेलं. एकशेवीसच्या एकशेवीस तशाच.

ते स्टुलावर बसले. "आजोबांच्या नावाचं दुकान," एवढंच म्हणाले.

इलेनिया माझी भाची. तिच्या लग्नात लोकांनी नाकं मुरडायची? ओता म्हटलं मोरीत!

१५ ऑगस्ट

मेरीमातेच्या सणाची सुट्टी. अख्खं गाव समुद्रात, आम्ही दोघं बंद शटरच्या आत. ताजं तेल एका बागवाल्याच्या गार तळघरातून आणलंय. नाक माझं, हात त्यांचे.

"वरचं लिंबू उडणारच," ते म्हणाले. "खाली त्याला धरून ठेवणारं कुणीतरी हवं." म्हणून वाळा, थोडा एका सुगंधी झुडपाचा डिंक, लवंगेचा थेंब.

पहिला घाणा — "दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय."

"लवंग जास्त झाली!" दुसरा — "ओली पोती." तिसरा — "कुणाच्या तरी आत्याची पर्स." ते पोट धरून हसायला लागले. चौथाही गेला. पाचव्याला मी काही बोलेना.

"बोला ना!"

"गप्प बसा. वास घेतेय."

१६ ऑगस्ट

काल मनगटावर लावलेलं आज उठल्यावरही आहे. वाळा-वाळाच, पण मागे लिंबू डोकावतंय.

१९ ऑगस्ट

बाटल्या भरून झाल्या. लोरेदाना अचानक दुकानात टपकली. "ताई, तू इथं काय करतेस?"

"भूगोल शिकवतेय."

त्रिपोदींना ठसका लागला. त्यांचं गुपित माझ्यापाशी आहे, राहील.

२२ ऑगस्ट

एकोणचाळीस! पाद्रीबाबांची कॉलर ओलीचिंब. नवरदेवाला खुर्ची द्यावी लागली. मी त्रिपोदींनी सांगितलं तसं केलं — आधी अंगाला बिनवासाचं क्रीम, मग कोलोन, आणि दोन फवारे झग्याच्या आतल्या काठाला. (निळ्याच.) केक कापायला सात वाजले.

लोरेदाना आली. माझ्या मानेपाशी नाक नेलं. "ताई, काय लावलंयस गं?"

"तू सगळ्यांना वाटलंस तेच. तू नाही लावलंस?"

नव्हतं! काहीतरी पॅरिसचं लावलं होतं. दुपारीच उडालं. मी फक्त जरा लांब सरकून बसले. सगळ्या टेबलाला दिसेल इतकी.

२५ ऑगस्ट

त्रिपोदी म्हणाले, "सप्टेंबरपासून दुकानात याल? मुलीलाही फोन करून खरं सांगितलं काल. आता नाक कुणाचं, हे कुणापासून लपवायचं नाही."

विचार करते म्हटलं. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, हो म्हटलं.

३१ ऑगस्ट

त्रिपोदी दुकानाची किल्ली द्यायला घरी आले. आत कॉफी चढवून बाल्कनीत बसलो होतो, ते भाड्याच्या गाडीचं काहीतरी सांगत होते. मधेच थांबले. भुवया वर.

"ओर्सोला... कॉफी करपतेय का?"

मला अजून कसलाच वास आला नव्हता.

धावत आत गेलो. गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. भांडं काळंठिक्कर होईपर्यंत दोघंही स्वयंपाकघराच्या दारात उभे — वास घेत.