टिंकूच्या कागदांचा खर्च

प्रिय खुशबू,

टिंकूला तुझ्याकडे जर्मनीला न्यायचं तर कागदांना किती लागेल, असं तू विचारलं होतंस. बरंचसं लागूनच गेलं आहे. कातडीखाली चिप बसवायचे दोन हजार, त्यानंतर रेबीजची लस, मग रक्ततपासणी. ती सगळ्यात महाग, कुरिअर धरून अठरा हजार. शेवटी सरकारी दाखला, विमानतळाची परवानगी आणि त्यासाठीच्या फेऱ्या. एकूण पस्तीस हजार धर. पिंजरा आणि तिकीट वेगळं.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी. डॉक्टरांनी मानेवरून यंत्र फिरवलं आणि पंधरा आकडे उमटले. जगात दुसऱ्या कुठल्याच जनावराला हा नंबर नाही म्हणाले. मी पुन्हा फिरवायला लावलं. तेच आकडे. चोरखमाऱ्याच्या कालव्याकाठी तुझ्या आईने चिखलातून पदरात उचललेलं पिल्लू हे.

मग रक्ताची एवढीशी नळी बर्फात ठेवून लांबच्या प्रयोगशाळेत पाठवली. टिंकू कधी गोंदिया जिल्ह्याबाहेर गेलेला नाही, रक्त विमानात बसून आलं. उत्तर चांगलं आलं. डॉक्टर म्हणाले, दरवर्षी न चुकता लस दिलेली असणार. ती आईच द्यायची, ऑटोत मांडीवर घेऊन जायची. ती जाऊन आठ महिने झाले, आणि तिने केलेलं अजून त्याच्या रक्तात आहे. तिला न ओळखणाऱ्या माणसांना ते दिसलं.

शेजारच्या शकुंतलाबाई म्हणतात, "माणूस गोंदियाच्या पुढं जात नाही, अन् कुत्र्याले विमानात बसवून राहिला."

त्यांचं खरं आहे. मी येणार नाही हे धरूनच तू फक्त टिंकूचं विचारलंस. पण डॉक्टरांनी अजून एक नियम सांगितला. तो एकटा आला तर तिकडे माल धरतात, कागद वेगळे, खर्च जास्त. सोबत घरचं माणूस असलं तर त्याला घरचा धरतात. म्हणून खर्चात एक ओळ वाढवली आहे. माझा पासपोर्ट, पंधराशे रुपये. सगळ्यात स्वस्त कागद माझाच निघाला. रक्ततपासणीनंतर तसेही तीन महिने थांबावं लागतं, तोवर माझा पासपोर्ट आणि व्हिसा होईल. परतीचं तिकीट किती दिवसांनी काढायचं, तेवढं कळव.

तुझाच,
बाबा