शिंगाड्याच्या वेलांतलं पाणी

माय, आपल्या तलावाला आता फाटक लागलं आहे. फाटकावर हिरवी पाटी आहे, तिच्यावर बगळे आणि बदकं रंगवली आहेत, खाली ‘पाणथळ उद्यान’ असं लिहिलं आहे. सकाळी लोक तिकीट काढून आत जातात, काठाकाठानं फेऱ्या मारतात. तू ज्या जागी उभी राहून ओलं लुगडं पिळायचीस तिथे सिमेंटचा बाक बसवला आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. एका दिवसाचा आवाज मात्र न बोलावता येतो. तू मला रागावलीस तो दिवस.

तू चुलीपुढे बसली आहेस. मोठ्या गंजात शिंगाडे उकडत आहेत, पाणी काळं झालं आहे, आणि त्याच काळ्या रंगानं तुझी बोटं नखांपर्यंत रंगली आहेत. मी अमरावतीहून दिवाळीच्या सुट्टीत आले आहे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकते आहे आणि शिकलेलं सगळं मला घरात वापरून पाहायचं आहे. बाहेर भाऊ फवाऱ्याचा पंप खांद्यावरून उतरवतो आहे. वेलांवर किडा पडला आहे, पानांची चाळणी झाली आहे. मी म्हणते, “माय, हे औषध पानावरून पाण्यात उतरते. तेच पाणी गुरं पितात. बंद करा हे.”

तू झारा गंजाच्या काठावर आपटतेस. “बंद करू? अन् मंग काय खाशीन? किड्यानं वेल खाल्ले तं मूर्तिजापूरच्या टेसनावर टोपल्यात काय घेऊन बसू म्या? तुया कालेजाची फी कुठून जाते, मालूम हाय? याच औषधातून जाते. तू शिकली तं शिकली, आमाले नोको शिकवू.”

भाऊ दारातून हसला. “जाऊ दे वं माय, पोट्टी शायनी होऊन राहिली.”

थोड्या वेळानं तू सोललेले शिंगाडे माझ्या ताटलीत टाकलेस, मोठे मोठे निवडून, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, “खाय. गरम हाय.” तो विषय मी घरात पुन्हा काढला नाही. सुट्टी संपून मी निघाले तेव्हा तू मला बाजारातून आणलेली काळी छत्री दिलीस. पावसाळा संपला होता, ऊनही काही फार नव्हतं. मी विचारलं, हे काहून? तू म्हणालीस, “तलावावर साहेब लोकं येते तं छत्री घेऊन येते. तू साहेबीण होशीन तं तुयापाशी पायजे.” आपल्या वस्तीतल्या, भोईपुऱ्यातल्या बायका हसत होत्या. तू हसली नाहीस.

पुढच्या हिवाळ्यात तुला कावीळ झाली. तोवर गावाच्या वरच्या अंगाला नवे लेआउट पडले होते, तिथल्या बंगल्यांचं सांडपाणी नाल्यातून थेट तलावात येत होतं. हापसा तलावाच्या काठालाच होता. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं भावाला विचारलं, “पाणी कुठलं पिता?” भाऊ म्हणाला, “हापशाचं.” डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी पायाशी बसले होते, पण तू भावाशीच बोललीस. शिंगाडे तोडणीला आले होते, त्यांचीच तुला चिंता. “वेल पाहाजो,” एवढंच म्हणालीस. त्यानं मान हलवली. त्यानंतर तू बोलली नाहीस.

भावानं वेल पाहिले. तू सांगितलंस म्हणून नव्हे, त्याला दुसरं काही येतच नव्हतं. पावसाळ्यात रोपं लावायची, डोंग्यात बसून गवत काढायचं, किडा पडला की फवारायचं, थंडीच्या दिवसांत गळाभर पाण्यात शिरून तोडणी करायची. त्यातूनच त्यानं माझं शिक्षण पुरं केलं, माझं लग्न लावून दिलं, स्वतःचा संसार केला. मला अकोल्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा त्यानं अख्ख्या भोईपुऱ्यात पेढे वाटले.

माझं काम बाटल्यांचं, माय. विहिरी, नद्या, नळ, हापसे, सगळ्यांचं पाणी बाटल्यांत भरून येतं आणि मी त्यात काय आहे ते सांगते. आपल्या तलावाचं पाणीही यायचं. दरवेळी ते मागच्यापेक्षा वाईट असायचं. मी अहवाल पाठवायचे आणि तो फिरत राहायचा. पाटबंधारेवाले म्हणायचे, पाणी आमचं, पण नाला पालिकेचा. पालिका म्हणायची, नाला आमचा, पण पुढची जमीन वनखात्याची. वनखातं म्हणायचं, पक्षी आमचे, पाण्याचं आम्हाला विचारू नका. तलावाचा ठेका देणारं मत्स्य खातं तर कोणी विचारल्याशिवाय बोलायचंच नाही. भोईपुऱ्यात दर पावसाळ्यात कोणाला ना कोणाला कावीळ व्हायची. एका उन्हाळ्यात मात्र एके सकाळी सगळा तलाव पांढरा दिसला. मेलेल्या माशांची पोटं होती ती. वास थेट रेल्वे फाटकापर्यंत गेला. फोटो पेपरात छापून आले. मग नव्या कलेक्टरांनी सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, आता एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही, तलाव वाचवायचा आहे.

मला खरंच आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाटल्यांना काही अर्थ आला होता. पावसाळा सरल्यावर नमुने मी स्वतः घ्यायला गेले, शिपायाला पाठवलं नाही. नाल्याच्या तोंडाशी घेतले, काठाकाठानं घेतले, आणि गाळात उतरून शिंगाड्याच्या वेलांमधूनही घेतले. वेलांशी मी थोडी थांबले. तिथे बाटली बुडवली नसती तर कोणी विचारलं नसतं. पण तलावाचा तेवढा भाग सोडून तलावाचं पाणी तपासलं असं मला म्हणता आलं नसतं. नाल्याच्या पाण्यात जे निघेल असं वाटलं होतं ते निघालं, त्याहून जास्तच. आणि वेलांतल्या पाण्यात औषध निघालं. मी दोन्ही लिहिलं, खाली सही केली.

बैठकीत सगळे चांगले वागले. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, कारण तुला वाटेल की कोणीतरी दुष्ट असणार. तसं कोणी नव्हतं. नाला वळवायला जागा लागणार होती, पैसा लागणार होता, टेंडर निघायचं होतं. पालिकेच्या साहेबांनी ते सगळं करायचं कबूल केलं आणि वेळ मागितला. भोईपुऱ्याला दिलेला शिंगाड्याचा ठेका रद्द करायला फक्त एक आदेश लागत होता. मत्स्य खात्याच्या साहेबांनी तो तिथेच मान्य केला. कलेक्टर म्हणाले, “चला, एक काम तरी आज मार्गी लागलं.”

मी म्हणाले, “सर, खरा बिघाड नाल्याचा आहे. वेलांमधलं प्रमाण त्यामानानं कमी आहे.”

“मान्य आहे, मॅडम. नालाही करूच. पण कमी असलं तरी औषध पाण्यात आहे ना? हे तुम्हीच लिहिलं आहे.”

मी हो म्हणाले. ते खरंच होतं.

आदेश निघाला आणि भाऊ अकोल्याला आला. आत आला नाही, प्रयोगशाळेच्या बाहेर लिंबाखाली उभा राहिला. मी चहा सांगू का म्हटलं, तर नको म्हणाला.

“बाई, त्या कागदावर तुई सही हाय म्हणते. खरं हाय काय?”

“हो.”

“आमच्या वेलातलं पाणी कोणं भरलं?”

“मीच भरलं, भाऊ.”

त्यानं रुमालानं मान पुसली. “मले निरोप धाडला असता तं म्या डोंगा आणला असता. गाळात काहून उतरली?”

मला रडू येत होतं. मी म्हणाले, “भाऊ, ते औषध खरंच वाईट आहे. तुझ्याच अंगावर उडतं. तुझ्या पायाच्या जखमा भरत नाहीत, पाहतोस ना?”

“वाईट हाय तं मले सांगाचं होतं. कलेक्टरले सांगतलं, मले नाई सांगतलं. म्या बंद केलं असतं. एका साली सांगतलं अन् मायनं दाटलं, तं मंग तू कायमची मुकी झाली काय?”

तो गेला. बसस्टँडपर्यंत सोडते म्हटलं, तेही नको म्हणाला.

वेल काढले तो दिवस मी पाहिला नाही, पण वास पाहिला. वास पाहिला म्हणते, कारण काठावर वेलांचे ढीग कुजत पडले होते आणि त्यावर माश्यांचा काळा थर बसला होता, लांबूनही दिसत होता. तोडणीला आलेले शिंगाडे त्यातच होते. भोईपुऱ्यातली काही घरं वीटभट्ट्यांवर गेली. वहिनी अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाऊ लागली, तिथल्या धुरळ्यानं तिला खोकला लागला. नाला तसाच वाहत होता. ठेका संपला आणि नाला संपला नाही, अशी दोन पावसाळे गत होती. त्यातल्या एका पावसाळ्यात आपल्या शेजारच्या घरातलं लेकरू काविळीनं गेलं.

पण मग नाला वळला, माय. खरंच वळला. पालिकेनं शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं, पाटबंधारेवाल्यांनी गाळ काढला, वनखात्यानं काठावर झाडं लावली, कृषीवाले वरच्या शेतांमध्ये जाऊन शेतकऱ्यांना औषधाचं समजावून आले. प्रत्येकानं आपापलं काम केलं. पाणी निवळलं. आता उन्हाळ्यातही मासे मरत नाहीत. हिवाळ्यात पक्षी येतात, त्यांचे फोटो काढायला मोठ्या कॅमेऱ्यांची माणसं येतात. हापशाचं पाणी मी स्वतः तपासते, ते पिण्यालायक आहे. तू असतीस तर तेच पाणी प्यायली असतीस आणि तुला काही झालं नसतं. म्हणून जे झालं ते चुकलं असं मला म्हणता येत नाही. बरोबर झालं असंही तोंडातून निघत नाही.

उद्यानात बोट आहे. पाण्यातली जलपर्णी काढायला आणि नमुने घेणाऱ्यांना आत न्यायला वनखात्यानं कंत्राटावर माणूस ठेवला. त्या तलावात कुठे खोल आणि कुठे गाळ हे अंगवळणी असलेला माणूस हवा होता, म्हणून भावाला घेतलं. त्याला खाकी शर्ट मिळाला आहे. केस पांढरे झाले आहेत, पायाच्या जखमा मात्र भरल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यासोबत पालिकेचे इंजिनिअर होते, वनखात्याचे अधिकारी होते. भावानं हात पुढे केला नाही, बोट काठाला घट्ट धरून ठेवली, मी चढेपर्यंत. मग वल्हं उचललं आणि म्हणाला, “कुठं घेऊ, मॅडम?”

मी म्हणाले, “मधोमध घ्या.” घ्या म्हणाले, माय. भावाला.

तेव्हापासून असंच चाललं आहे. मी बाटली बुडवते, तो बोट स्थिर धरतो, साहेब लोक पक्ष्यांविषयी बोलतात. वेल जिथे होते तिथून जाताना तो जरा हळू वल्हवतो, किंवा मला तसं वाटतं. वहिनीच्या खोकल्याचं मी दुसऱ्यांकडूनच ऐकते. राखीला मी गेले होते, दाराला कुलूप होतं.

हे सगळं तुला सांगायला बसले खरी. पण तुला वाचता कुठं येत होतं? होस्टेलवरून मी पाठवलेली पत्रं भाऊच तुला वाचून दाखवायचा, आणि मागाहून तूच मला सांगितलंस की मी लिहिते फार छान, तुझी किती आठवण येते ते लिहिते. मी तसं कधी लिहिलंच नव्हतं. फी आणि परीक्षा, एवढंच असायचं त्यात. बाकीचं तो मनानं घालायचा. म्हणजे हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचायचं तर त्याच्याच हातून पोहोचणार, आणि ते मी कोणाच्याच हाती देणार नाही. वर ‘माय’ लिहिलं तेव्हाच मला हे ठाऊक होतं. ‘भाऊ’ लिहायची हिंमत झाली नाही.