सायाळाचं घर

पिंपळगाव रेणुकाई,
९ मार्च १९८६

चि. भुजंग यास,
तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे. मका काढून झाला. वहिनी दोन वेळा जेवते, एवढंच.

तू विचारलंस, बाकी बिळांना बीळ, मग सायाळाच्या बिळाला आपल्याकडे घर का म्हणतात. कॉलेजसाठी गावाकडचे शब्द गोळा करतोस त्या यादीत लिहून घे. दादा सांगायचा, आजोबांनी रान मोडून वावर केलं तेव्हा सायाळं आधीपासून तिथं होती. म्हणून बुजवायच्या आधी तोंडाशी तीन हाका द्यायच्या आणि त्यांना निघून जायला एक रात्र वाट मोकळी ठेवायची.

जानेवारीत सायाळांनी मका फारच पाडला. दादा दगड आणायला गेला. मला म्हणाला, "जा मास्तर, हाका दे. वर्गात तर लई वरडतोस."

शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. मला लाज वाटली. मी हाक दिली नाही. दुसऱ्या दिवशी दादानं विचारलं तेव्हा कालच दिली म्हणालो. आम्ही दोन्ही तोंडं दगड-काट्यांनी गच्च बुजवली.

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. पलंग सोडून जमिनीवर निजायचा, कान टेकवून. "खालून उकरून राह्यलंय," म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, तापात होतं असं. वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा मीही कान लावला. भुजंग, आवाज होता. थांबत होता, परत चालू होत होता.

शेवटच्या दुपारी दादानं माझं मनगट धरलं. "पुंजा, हाक दिल्ती ना?"

"दिल्ती," म्हणालो.

तो गेला त्या घटकेपासून आवाज बंद आहे.

तेराव्याला तू आलास तेव्हा हे बोलणार होतो. जमलं नाही. मागच्या रविवारी एकटाच बांधावर गेलो. दगड जसेच्या तसे होते. काढून पाहिलं. आत हाड नाही, काटा नाही. दहा हाताचा बांबू घातला, टोक लागलं नाही. भोक गावाकडे वळलं आहे. माती ओली होती.

वहिनी रोज विचारते, चांगल्या माणसाला असं कशानं झालं. गावातले ताप म्हणतात, मीही मान हलवतो.

दादाच्या महिन्याच्या श्राद्धाला येशील तेव्हा हे पत्र तिला वाचून दाखव. तिला आलेली पत्रं आजवर मीच वाचत आलो, हे माझ्यानं वाचवणार नाही. मी बाहेर ओट्यावर बसेन. ती जे म्हणेल ते ऐकू येईल इतकं दार उघडं ठेव.

मरत्या भावाशी खोटं बोललेला,
पुंजाराम