आडवी फांदी

लोणी भापकर, १९९६

बिरूदादा,

हे पत्र टाकणार न्हाय, म्हणून खरं लिवते.

डोंगरातनं दोन दिवसांची सायकल शर्यत, जोडीनं जायचं, वाट आपली आपणच शोधायची. वरीसभर तुझ्याबरुबर मी घाम गाळला. आबांच्या मेंढरांमागं फिरून सगळ्या वाटा मला ठाऊक, म्हणून तू मला घेतलंस. आन जोडीदार म्हणून नाव दिलंस सणसरच्या हणमंताचं! वर म्हणतोस, "रोहे, आदल्या दिशी जाऊन फाट्यांवर खुणंच्या फांद्या तेवढ्या टाक."

मागच्यानं चुकू नये म्हणून आपल्यात चुकीच्या वाटेवर फांदी आडवी टाकत्यात. आज सुप्याच्या माळावरच्या फाट्याला टाकून आले.

बरोबर वाटेवर.

तुझी जोडीदार व्हती ती,
रोहिणी