तेहतीस खोट्या कार्डांबाबत

मी, निवृत्त वजनमापे निरीक्षक, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघे आणि यकृत कामातून गेले, पण त्यांचा इथे संबंध नाही. कोणाचा दबाव नाही. आणायला घरात माणसंच कुठे उरलीत?

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीला. ठेवावं की विकावं, हे तिला कोणी विचारायचं नाही.

कलम दोन. माझी पितळी वजनं धाकट्या भावाला. त्याने नेलेली शिडी आजतागायत परत आलेली नाही. तीही ठेवून घे म्हणावं, भांडायचं त्राण नाही.

कलम तीन. मुलीचा गोल्फचा संच तिलाच. नको असेल तर अडगळीत टाकावा.

कलम चार. इथे खुलासा करणं भाग आहे. सतराव्या वर्षी क्लबच्या अंतिम फेरीत तिने एका होलवर सहा फटके मारले, कार्डावर पाच लिहिले आणि सही केली. "बाबा, मोजताना चुकले हो, मुद्दाम नाही केलं." "सही केलीस ना?" एवढंच बोलून मी कमिटीकडे गेलो. ती बाद झाल्याची नोटीस आठवडाभर फळ्यावर होती. वर्षभरात तिने घर सोडलं. आईला फोन करते; मी उचलला तर ठेवून देते. "एका फटक्यापायी पोर घालवलीत," असं पत्नी म्हणते. खरं आहे.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा. जितका कमी तितका खेळ चांगला. आमच्याकडे वर्षाला तीन कार्डं आली नाहीत तर तो बंद पडतो. तिचा सहा होता. तो बंद पडला तर ती परत यायची नाही, असं माझ्या मनाने घेतलं. ती सुट्टीत येऊन खेळून जाते अशी क्लबात थाप मारली आणि अकरा वर्षं दोन चेंडू खेळलो, एक माझा, एक तिचा. तिच्या नावाने कार्डं भरली. साक्षीची सही माझ्या मित्राची, दातांच्या डॉक्टरांची. "अरे, किती वर्षं चालवणार आहेस हे?" असं ते विचारायचे. फटका मात्र एकही कमी लिहिला नाही, त्यामुळे माझ्या गुडघ्यांपायी तिचा आकडा तेवीसवर गेला. "मुलीचा खेळ पार बसला की हो!" क्लबचे चिटणीस चहा पिताना म्हणाले. ते अजून झोंबतं.

कलम पाच. ही तेहतीस कार्डं कमिटीला द्यावीत. माझं नाव बाद करून तशी नोटीस आठवडाभर फळ्यावर लावावी. मित्राला त्रास देऊ नये, हट्ट माझा होता. तिचा हँडिकॅप आता बंद पडू द्यावा.

कलम सहा. मुलीला हा कागद पूर्ण वाचायला द्यावा. यायचा आग्रह करू नये. बाळ, त्या होलवर मीसुद्धा पाचच मोजले होते. "झुडपातला फटका धरलास का?" असं मित्राने विचारलं, तेव्हा कुठे मला सहावा आठवला. हे मी कमिटीला सांगितलं नाही. तुलाही नाही.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३
(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार, समक्ष सही:
१. दातांचे डॉक्टर, मित्र
२. दाखला देणारे डॉक्टर