आठशे की हजार चोवीस

डिंडोली, सुरत
ता. १२ डिसेंबर १९९८

तीर्थरूप सखाराममामांच्या चरणी भाचा बळीरामचा साष्टांग नमस्कार. इकडे मी आणि तुमची भाचेसून सुंदरा सुखरूप आहोत. तिकडे थंडीत मामीचा गुडघा काय म्हणतो ते जरूर लिहावे. (सुंदरा म्हणते, एरंडाचं पान बांधा. ती दातदुखीलाही तेच सांगते, म्हणून फार मनावर घेऊ नये.) तुमच्या पत्रात होतं की 'बळीराम मिलमध्ये कॉम्प्युटरसाहेब झाला' असं अमळनेरात बोललं जातंय. मामा, लोकांकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा झालं ते माझ्याकडूनच ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये मी अकरा वर्षं स्क्रीन खात्यात आहे. आमचा स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी. तिच्यातून रंग दाबला की खाली साडीवर फूल उठतं. जाळी जितकी बारीक तितकं फूल सुबक, एवढं एकच शास्त्र मला येतं. दसऱ्याला आमच्या जयंतीभाई शेठच्या मनात आलं की व्यापाऱ्यांना कागदांचे गठ्ठे दाखवण्यापेक्षा डिझाइन लॅपटॉपवर दाखवाव्यात. दुकानदाराने फोनवर विचारलं, स्क्रीन आठशे बाय सहाशेचा देऊ की हजार चोवीस बाय सातशे अडुसष्टचा? शेठनी फोनवर हात ठेवला आणि केबिनचं दार उघडून ओरडले, "स्क्रीन खात्यातल्या कोणाला तरी पाठवा!" मी कोपरापर्यंत लाल रंगात हजर. "बळीराम, आठशे के हजार चोवीस? कयो सारो?" म्हणजे कुठला चांगला? मामा, 'उशीर का झाला' सोडून शेठनी मला विचारलेला हा अकरा वर्षांतला पहिलाच प्रश्न. माहीत नाही म्हणायला जीभ वळेना. मी विचारलं, "शेठ, ही भोकं आहेत का?" शेठनी तसंच फोनवर विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, तसं म्हटलं तरी चालेल. मग काय, मी छाती पुढे काढून सांगितलं, "जास्त भोकांचा घ्या. फूल बारीक उठेल." दुकानदार म्हणाला, अगदी बरोबर! त्याच दिवशी मला रंगातून उचलून केबिनमधल्या खुर्चीत बसवलं. (खुर्चीला चाकं आहेत. पहिले दोन दिवस त्यातच गेले.)

लॅपटॉप आला. फूल खरोखर सुरेख दिसत होतं, पण खालची अक्षरं म्हणजे सांडलेला राजगिरा. शेठ अठ्ठावन्न वर्षांचे, चष्मा लावत नाहीत. व्यापाऱ्यापुढे म्हातारं दिसलं की तो भाव पाडतो, असं त्यांचं मत. म्हणाले, "बळीराम, मोटुं कर." मी इथे दाब, तिथे दाब करत आकड्यांच्या एका यादीपाशी पोचलो आणि सगळ्यात लहान आकडा निवडला, सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी. क्षणभर सगळं काळं झालं. (स्क्रीनही आणि माझ्या डोळ्यांपुढेही.) मग अक्षरं बोराएवढी झाली, आणि त्यांच्याबरोबर फुलंही. टिकलीएवढं फूल जास्वंदीसारखं दिसू लागलं, कडेने जरा पुसट, पण भरगच्च. शेठ खूश. "बस, हवे अडतो नहीं!" म्हणजे आता हात लावायचा नाही. हे फूल खरं नाही, हे मला कळत होतं. सांगावंसं वाटलंही, पण मामा, खुर्ची फार मऊ होती.

पुढच्याच आठवड्यात पर्वत पाटिया भागातले व्यापारी कुंदनभाई आले. ती जास्वंद बघून भाळलेच. लग्नसराई तोंडावर, नमुना बघायलाही थांबले नाहीत. दोनशे साड्या सांगून गेले. साड्या छापून त्यांच्याकडे गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यांसकट कुंदनभाई हजर. शेठच्या टेबलावर साडी उलगडून म्हणाले, "जयंतीभाई, आ फूल छे के मच्छर?"

केबिनमध्ये तिघंच होतो. शेठ साडीकडे बघत होते, मी माझ्या चपलांकडे. अकरा वर्षांची नोकरी गेली असं धरूनच मी म्हणालो, "कुंदनभाई, चूक माझी आहे. स्क्रीनवर फूल मोठं मी केलं." कोणाच्या सांगण्यावरून, ते गिळलं. कुंदनभाई माझ्यावर उखडले, "पण कशाला केलंस?" मी साडीची घडी घालू लागलो. शेवटी शेठनी रुमालाने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "मारा कहेवाथी कर्युं. मने झीणुं वंचातुं नथी." व्यापाऱ्यापुढे म्हणाले, मामा! बारीक वाचता येत नाही, मीच सांगितलं होतं! कुंदनभाईंनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून जाड भिंगांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मला तरी कुठे दिसतं? बाजारात घालायची लाज वाटते." दोघं इतके हसले की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला. दोनशे साड्या शेठनी परत घेतल्या, पण कुंदनभाईंनी चष्मा लावून दुसरी डिझाइन पसंत केली.

आता लॅपटॉप हजार चोवीसवरच असतो, शेठ उघडपणे चष्मा लावतात, आणि मी अजून खुर्चीत आहे. सुंदराने मात्र अक्कल सांगितली, "फूलना जोडे आगकाडी ठेवा ना." म्हणजे फुलाशेजारी आगपेटीची काडी ठेवली की त्याचं माप नजरेला कळेल. तसं प्रत्येक डिझाइनशेजारी काडीचं चित्र ठेवलं. (एक व्यापारी काडीसकट शंभर साड्या सांगून गेला. त्याला काही बोललो नाही.)

मामीला नमस्कार, तुमच्या चंचलला आशीर्वाद.

तुमचा,
बळीराम

ता. क. चंचलच्या लग्नात आहेरासाठी तुम्ही एक्कावन्न साड्या मागितल्या होत्या. शेठनी प्रेमाने दिल्या. पार्सल गुरुवारी अमळनेर स्टेशनवर उतरेल. फुलं नाजूक आहेत. कोणी विचारलंच तर सुरतेत यंदा हीच फॅशन आहे, असं ठणकावून सांगावं.

आणखी एक. शेठ घरी दुसरा लॅपटॉप घेणार आहेत, आणि निवड पुन्हा माझ्यावर. तुमचा दीपक जळगावला इंजिनिअरिंग शिकतो, त्याला गुपचूप विचारून हे रिझोल्युशन म्हणजे नक्की काय ते कळवावं. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवा. मिलमध्ये सगळे मला जाणकार समजतात, आणि मामा, खरं सांगू, मलाही ते आवडू लागलंय.